वाळू घातली तरी कुंडीत पाणी तुंबतंय? आधी वाळू कुठली घातली ते बघा

दरवर्षी जुलै-ऑगस्ट आला की तेच. मोगऱ्याची खालची पानं पिवळी पडतात, कुंडीत पाणी घातलं की वर तळं होऊन बसतं, जमिनीतला गुलाब मान टाकतो, आणि कोणाला विचारलं की उत्तर ठरलेलं, "थोडी वाळू मिसळा हो, निचरा होईल." मीही मिसळली. एकदा नाही, सलग तीन वर्षं. आणि शेवटी आधीपेक्षा जास्त वाट लागली, म्हणून हे सगळं एकदा सविस्तर लिहून ठेवतोय.

आमचं घर हडपसरच्या पुढे, म्हणजे माती काळी, चांगली खोल काळी, उन्हाळ्यात भेगा अशा पडतात की चप्पल अडकेल आणि पावसात तीच माती चपलेला किलोभर चिकटते. शेजारी प्लास्टरचं काम चालू होतं, उरलेली वाळू फुकट मिळाली, चार घमेली उचलून आणली आणि कुंड्यांमध्ये ढकलून दिली, अंदाजे चार भाग माती एक भाग वाळू असं. पहिला पाऊस ठीक गेला. दुसऱ्या पावसात मोगरा गेला. कुंडी उपडी करून ठोकली तर गोळा बाहेरच येईना, शेवटी कुंडीच फोडली, आणि आतला गोळा कोयत्याने चिरावा लागला. चिरलेली बाजू गुळगुळीत, ओल्या भिंतीसारखी, मुळं काळी पडलेली आणि नासक्या अंड्याचा वास. तो वास आला की समजायचं आत हवाच नव्हती, कितीतरी दिवस.

आता असं का होतं. मातीतला चिकण कण ०.००२ मिलिमीटरपेक्षा बारीक असतो. बारीक वाळूचा दाणा ०.१ ते ०.२५ मिमी, मध्यम ०.२५ ते ०.५, जाड वाळू ०.५ ते १, आणि अतिजाड १ ते २ मिमी. डब्यात छोले भरा आणि वरून रवा ओता, रवा सगळ्या फटींत जाऊन बसतो आणि डबा आणखी जड, आणखी ठासलेला होतो. तेच आपण करतो. छोले म्हणजे वाळू, रवा म्हणजे चिकण माती. फटी मोकळ्या राहायच्या तर छोले एकमेकांना टेकले पाहिजेत आणि रवा इतका कमी पाहिजे की फटी भरणार नाहीत. पाच भागात एक भाग वाळू म्हणजे रव्यात चार छोले पडलेले, शिऱ्यात बेदाणे घातले म्हणून शिरा मोकळा होत नाही ना, तसंच. उलट पूर्वी भिंती लिंपायला माती, वाळू आणि भुसा कालवायचे की नाही, ते टिकायचं म्हणूनच कालवायचे. मी कुंडीत भिंत बांधत होतो.

पण थांबा, वाळू आणायच्या आधी एक बघून घ्या, प्रॉब्लेम खरंच निचऱ्याचा आहे का. कारण पिवळी पानं दिसली की सगळे निचऱ्यावर येतात. खालची जुनी पानं पिवळी होऊन गळतायत, माती ओली आहे आणि तरी झाड सुकल्यासारखं दिसतंय, तर हो, मुळं गुदमरतायत. पण वरची कोवळी पानं पिवळी आणि शिरा मात्र हिरव्यागार असतील तर ती लोहाची कमतरता, आपल्या काळ्या मातीत चुना बराच असतो, सामू (पीएच) ८ च्या आसपास, त्यामुळे लोह असूनही झाडाला घेता येत नाही. त्याला वाळू घालून काहीही होणार नाही. आणि वाळूत सिमेंट सांडलेलं असेल तर ते अजून बिघडेल, म्हणून बांधकामाच्या ढिगातली कडेची, घट्ट गोळे झालेली वाळू अजिबात उचलायची नाही.

दुसरी फसवणूक ही. पाणी घातलं की लगेच खालच्या भोकातून धो धो बाहेर, आणि आपण खूश, वा काय निचरा आहे! बोट घालून बघा, दोन इंचावर माती कोरडी ठणठणीत. काळी माती वाळली की आकसते, कुंडीच्या कडेला फट पडते आणि पाणी त्या फटीतून सरळ खाली, मुळांना थेंब मिळत नाही. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) जास्त असलं आणि एकदा पूर्ण वाळलं की तेही असंच वागतं, पाणी घेतच नाही. याला वाळूचा उपाय केलात तर झाड तहानेने मरेल. उपाय सोपा, कुंडी टबात अर्धा तास बुडवून ठेवा, बुडबुडे यायचे थांबले की काढा, आणि मग कडेची फट दाबून त्यात गांडूळखत भरा.

तिसरं म्हणजे भोक. हसू नका. मी एका कुंडीचं सगळं मिश्रण बदललं आणि मग कळलं की खालचं भोक टाइल्सला चिकटून पूर्ण बंद होतं. कुंडीखाली तीन फरशीचे तुकडे सारले, प्रश्न संपला. प्लास्टिकच्या नवीन कुंड्यांना तर कधीकधी भोकाची नुसती खूण असते, पाडलेलं नसतंच.

एवढं सगळं बघून झालं आणि तरी पाणी वरच थांबतंय, तर मग माती तपासा. काचेची उभी बरणी घ्या, लोणच्याची चालेल, एक तृतीयांश माती, बाकी पाणी, चिमूटभर भांड्यांची पावडर, पाच मिनिटं हलवा आणि ठेवून द्या. मिनिटाभरात खाली बसतो तो थर वाळूचा, तिथे पेनाने खूण करा. दोन तासांनी त्यावर जो बसेल तो पोयटा, म्हणजे वाळूपेक्षा बारीक पण चिकणापेक्षा जाड कण. उरलेलं चिकण, त्याला एक-दोन दिवस लागतात, आमच्या मातीचं पाणी तिसऱ्या दिवशीही गढूळ होतं. माझ्या बरणीत चिकण निम्म्याहून जास्त निघालं आणि वाळूचा थर करंगळीच्या नखाएवढा. म्हणजे घमेलंभर वाळूने काही होणारच नव्हतं.

आता वाळूकडे येऊ. कुठली घ्यायची?

बाजारात हल्ली नदीची वाळू मिळणं अवघड आणि महाग, आणि नदीतून बेकायदा उपशाची कहाणी सगळ्यांना माहीत आहे, बागेसाठी त्या वाटेला जाऊच नका. सगळीकडे क्रश सँड चालते, म्हणजे काळा दगड क्रशरमध्ये फोडून केलेली. तिचा दाणा कोनेदार असतो, नदीच्या वाळूसारखा गोल नाही, आणि बागेला कोनेदार चांगलाच. गोची आहे ती भुकटीची. बांधकामाच्या आयएस ३८३ या मानकात ७५ मायक्रॉनपेक्षा (०.०७५ मिमी) बारीक भुकटी नैसर्गिक वाळूत ३ टक्के चालते आणि क्रश सँडमध्ये १५ टक्क्यांपर्यंत. बांधकामाला ते योग्यच असेल, पण कुंडीत ती भुकटी म्हणजे पुन्हा तोच रवा. पहिल्या दोन पाण्यात ती खाली उतरते आणि तळाशी सिमेंटसारखी बसते.

प्लास्टरची वाळू तर मुळातच बारीक, ती नकोच, फुकट मिळाली तरी नको (मला कोणी हे आधी सांगितलं असतं तर!). काँक्रीटची चालते, पण चाळून धुऊन. आणि दुकानात जाऊन "जाड वाळू द्या" म्हणू नका, कोणी त्याला कच म्हणतं, कोणी चुरी, कोणी ग्रिट, दुकानागणिक नावं बदलतात आणि कोणी कोणाला काय देईल सांगता येत नाही. हातात दाणा घेऊन बघा आणि घरातल्या डब्यांशी ताडून बघा. मैद्यासारखी, नको. बारीक रव्यासारखी, नको. राजगिऱ्यापासून मोहरीपर्यंत, ही पाहिजे, साधारण १ ते २ मिमी. अधेमध्ये ज्वारीएवढे खडे असले तरी हरकत नाही. खसखशीपेक्षा बारीक जे काही आहे ते सगळं बाहेर.

विकत घ्यायच्या आधी तिथेच दोन गोष्टी करा. ओल्या तळहातावर मूठभर वाळू चोळा आणि झटका, हात राखाडी राहिला तर भुकटी भरपूर. मग ओली करून मूठ घट्ट आवळा आणि उघडा, लाडू वळला गेला तर सोडून द्या, चांगली जाड वाळू लगेच ढासळते. घरी आणल्यावर थोडं लिंबू पिळून बघा, फेस आला तर त्यात चुना, सिमेंट किंवा शिंपल्यांचा चुरा आहे.

शिंपल्यांवरून आठवलं, रत्नागिरीच्या मावशीने एकदा किनाऱ्यावरून पिशवीभर वाळू आणून अबोलीत घातली होती. आठवड्यात पानांच्या कडा भाजल्यासारख्या झाल्या. समुद्राची वाळू खारी, शिवाय शिंपल्यांचा चुना, शिवाय तो दाणाही बारीक आणि गोल, म्हणजे तिन्ही बाजूंनी बाद. आणि किनाऱ्यावरून वाळू उचलायला परवानगीही नसते. खरं तर कोकणात आणि गोव्यात जांभ्याची माती, तिच्यात पाणी तसंही पटकन उतरतं, तिथे वाळू घालायची गरजच मुळात कमी, तिथे पालापाचोळा घाला. कोणीतरी घाटावरचं ऐकून तिकडे करतं, असं होतं ते.

चाळण्याची माझी पद्धत सांगतो, कारण यात मी दोन रविवार घालवलेत. आधी गहू चाळायची चाळणी, वर राहिलेले मोठे खडे बाजूला. मग खिडकीच्या डासांच्या जाळीचा एक उरलेला तुकडा लाकडी फ्रेमवर ठोकून घेतला, तिची भोकं सव्वा मिमीच्या आसपास असतात, त्यावर वाळू ओतायची आणि हलवायची. जाळीवर उरतं ते आपलं, खाली पडतं ते नाही. वाळू पूर्ण कोरडी पाहिजे नाहीतर जाळी बुजते, आणि तोंडाला रुमाल बांधाच, दगडाची धूळ छातीत जायला नको. मग बादलीत घेऊन पाइप आत तळापर्यंत घालायचा, हाताने ढवळायचं, वरचं गढूळ पाणी ओतून द्यायचं. पहिलं पाणी ताकासारखं पांढुरकं-राखाडी येतं, तिसऱ्या-चौथ्या पाण्याला बादलीचा तळ दिसायला लागतो. तळ दिसला की झालं. आणि ते गढूळ पाणी बाथरूमच्या जाळीत ओतू नका, भुकटी पाइपात बसते, मग प्लंबर येतो आणि तुमच्याकडे विचित्र नजरेने बघतो. बादलीभर क्रश सँडमधून माझ्या हातात अर्ध्या बादलीपेक्षा कमी उरली. बघायला वाईट वाटतं पण ती जी गेली तीच झाडं मारत होती.

किती घालायची? कुंडीला माझं आताचं माप असं: मोगरा, जास्वंद, गुलाब, कढीपत्ता यांना एक भाग लाल माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग ही धुतलेली जाड वाळू. काळी माती कुंडीत घालणं मी बंदच केलंय, ती शेतात सोनं आहे, कुंडीत नाही. अडेनियम, निवडुंग, कोरफड यांना दोन भाग वाळू, एक भाग माती, एक भाग खत. गुलाबाच्या किंवा डाळिंबाच्या काड्या लावायच्या तर नुसती वाळू, माती-खत काही नको, मुळं फुटली की उचलून मिश्रणात लावायच्या. वाळू वाढवली की पाणी आणि खत दोन्ही लवकर खाली निघून जातं हे लक्षात ठेवा, एप्रिल-मे मध्ये सकाळ-संध्याकाळ पाणी घालावं लागतं आणि खत थोडं थोडं पण वारंवार द्यावं लागतं. लोक वाळू घालतात आणि पाण्याचं वेळापत्रक जुनंच ठेवतात, मग म्हणतात वाळूमुळे झाड जळलं.

आणि तळाला खडीचा थर. हा सल्ला इतक्या वेळा मिळतो की खोटा वाटतच नाही. पण बारीक मातीतून पाणी जाड खडीत सहज उतरत नाही, वरचा थर पूर्ण भिजून तुडुंब झाल्यावरच ते खाली टपकतं. म्हणजे जे तळं कुंडीच्या बुडाशी राहिलं असतं ते खडीमुळे दोन-तीन इंच वर आलं, मुळांच्या अजून जवळ. पटत नसेल तर भांडी घासायचा जाड स्पंज पाण्यात भिजवा, आडवा धरा, टपकायचा थांबला की तोच उभा धरा, परत पाणी गळायला लागेल. उंची वाढली की निचरा वाढतो, खडी घालून आपण मातीची उंची कमी करतो. भोकावर एक खापरीचा तुकडा किंवा जाळी, बास. वाळू घालायची तर ती सगळ्या मिश्रणात सारखी, थर लावून नाही.

जमिनीतल्या बागेचं गणित मात्र वेगळं आहे, आणि इथे मी स्पष्टच सांगतो, काळ्या मातीत वाळू घालायच्या भानगडीत पडू नका. १० बाय १० फुटांचा वाफा, सहा इंच खोल, म्हणजे ५० घनफूट माती. फरक पडायला निम्मी तरी वाळू पाहिजे, म्हणजे २५ घनफूट, पाव ब्रास, वजनात टनाच्या वर. तीही चाळून धुतलेली! आणि एवढं करून खाली तीच चिकण माती, म्हणजे खड्ड्यात वाळू भरल्यासारखं, पावसाचं पाणी येऊन त्यातच बसणार. त्याआधी एक खड्डा करून बघा, फूटभर खोल, पाण्याने भरा, उतरू द्या, परत भरा आणि काठीवर खुणा करून तासाला किती उतरतं बघा. इंचभर किंवा जास्त उतरलं तर तुमची जमीन ठीक आहे, काहीतरी दुसरंच चुकतंय. अर्ध्या इंचाच्या खाली असेल तर वाळूने काही होणार नाही. नवीन सोसायट्यांमध्ये तर बऱ्याचदा खाली जेसीबीने दाबलेला मुरूम आणि राडारोडा असतो, वर फूटभर माती पसरून लॉन लावलेलं, तिथे पाण्याला जायला जागाच नसते.

तिथे गादीवाफा करा. आठ-दहा इंच उंच, बाजूने पाणी निघायला चर, आणि वाफ्यात दरवर्षी दोन-तीन इंच कंपोस्ट, वर पाचोळ्याचं आच्छादन. गांडुळं बाकीचं बघतात. पहिल्या वर्षी विशेष फरक दिसत नाही, दुसऱ्या वर्षी खुरपं आत जायला लागतं, आमच्याकडे तिसऱ्या पावसाळ्यात पहिल्यांदा गुलाब वाचले. आणि काळी माती वाफशावर असतानाच हलवायची, हे कुठल्याही शेतकऱ्याला विचारा. मातीचा गोळा मुठीत वळला आणि अंगठ्याने दाबल्यावर फुटला तर वाफसा आहे, फुटण्याऐवजी पसरला तर अजून ओली आहे, घरात जाऊन चहा प्या. ओल्यात एकदा खणलं की ढेकळं वाळून दगड होतात आणि ती पुढच्या पावसापर्यंत फुटत नाहीत. जिप्सम घाला असंही कोणी सांगेल, ते क्षारपड, सोडियम वाढलेल्या जमिनीला कामाचं, प्रत्येक काळ्या मातीला नाही, आधी माती परीक्षण करून घ्या.

गच्चीवाल्यांसाठी एकच, पण नीट वाचा. वाळू-मातीचं ओलं मिश्रण सहा इंच पसरलं तर चौरस मीटरला २७० किलोच्या आसपास वजन होतं. वापरात असलेल्या गच्चीचा भार आयएस ८७५ या बांधकामाच्या मानकाप्रमाणे चौरस मीटरला साधारण १५० किलो धरतात. म्हणजे गच्चीवर वाळूचे वाफे करायचेच नाहीत, तिथे कोकोपीट, भाताचं तूस, पर्लाइट असं हलकं काहीतरी घ्या, आणि मोठ्या कुंड्या कठड्याच्या कडेने, खाली बीम किंवा भिंत असेल तिथे ठेवा. लिफ्ट नसलेल्या तिसऱ्या मजल्यावर दोन पोती वाळू चढवल्यावर हा विचार आपोआपच सुचतो म्हणा.

आधीच चुकीची वाळू घालून बसला असाल तर वरून काहीही घालून ते सुधारत नाही, तो वेळ घालवू नका. पाऊस उघडला की, ऑक्टोबरच्या उन्हाआधी, झाड काढा, मुळांचा गोळा पाण्याच्या बादलीत तासभर भिजवून हळूहळू माती सोडवा, काळी मऊ मुळं कापा, पांढरी ठेवा, तेवढीच वरची छाटणी करा आणि नव्या मिश्रणात लावून आठ-दहा दिवस सावलीत ठेवा. जुनं मिश्रण फेकायची गरज नाही, जमिनीतल्या मोठ्या झाडाखाली पातळ पसरून टाका. चाळणीतून खाली पडलेली बारीक वाळू मी पेव्हर ब्लॉकच्या फटींत भरली, ती तिथे मस्त बसली.

आणि धुतलेल्या वाळूचा ढीग उघडा ठेवू नका, वर पोतं टाकून विटा ठेवा. आमच्याकडे पहिल्याच रात्री सोसायटीच्या बोक्याने तो त्याचाच संडास आहे असं ठरवलं आणि मला सगळी वाळू परत धुवावी लागली.